शजरा, सातबारा आणि संगणक

अहमदनगर शहर ज्या घराण्याने वसवले, त्या घराण्याच्या वंशावळीबद्दल दोन इतिहासकारांनी दोन वेगळ्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. मुहम्मद कासिम फरिश्ता तरुणपणी निजामशाहीच्या चाकरीत होता आणि १५८९च्या सुमारास विजापूरला गेला. तो सांगतो की, अहमद निजामशहाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. पुढे ते विजयनगरच्या मुलखात गेले. बहमनी फौजेच्या हाती हा मुलगा लागला, तो मुसलमान झाला, शहजाद्याबरोबर शिकला आणि वजिरीपर्यंत चढला. बापाचे नाव भैरव किंवा भैरू, त्यावरून त्याला 'बहरी' म्हणू लागले. बहरी म्हणजे ससाणा, असाही अर्थ लावतात. आपल्याकडे 'बहिरी ससाणा' म्हणतात तोच.

दुसरा इतिहासकार सय्यद अली तबातबा. त्याने 'बुर्हान-ए-मआसिर' लिहिले ते दुसऱ्या बुर्हान निजामशहाच्या आश्रयाने. त्याच्या म्हणण्यानुसार निजामशाहीचा संस्थापक अहमद हा बहमनी सुलतानाच्याच रक्ताचा. म्हणजे दरबारात बसून लिहिणाऱ्याला राजघराण्याचा शजरा सुलतानापर्यंत नेऊन भिडवावासा वाटला आणि दरबार सोडून गेलेल्याने तो पाथरीच्या कुलकर्ण्यांपर्यंत नेला.

खरे कोणाचे? मला फरिश्त्याचे म्हणणे अधिक पटते. त्याला कारणही आहे. फरिश्ता एवढ्यावर थांबत नाही. बुर्हान निजामशहाचे ब्राह्मण नातलग अहमदनगरला आले, वडिलार्जित पाथरी आपल्याकडे यावी म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाशी बोलणे झाले, ते फिसकटले, १५१८मध्ये पाथरी लढून घेतली गेली आणि शेवटी ती त्या नातलगांना दिली गेली, असे तो लिहितो. एखाद्या सुलतानाला खोटीच वंशावळ हवी असती तर त्याने कुलकर्ण्याची निवडली नसती, आणि तिच्यासाठी फौज तर मुळीच धाडली नसती. फरिश्त्याचे जॉन ब्रिग्ज यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२९चे. ते आज 'इंटरनेट अर्काइव्ह' या संकेतस्थळावर कोणालाही एक पैसा न देता वाचता येते. तबातबाच्या ग्रंथाचे हेग यांनी केलेले भाषांतर 'इंडियन अँटिक्वरी'च्या जुन्या अंकांत आहे. वीस वर्षांपूर्वी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचायच्या तर पुण्या-मुंबईची ग्रंथालये गाठावी लागत. आता श्रीगोंद्यातला एखादा शिक्षक रात्री मोबाइलवर हे करू शकतो.

राजांचे राहू द्या. आपल्यासारख्यांच्या खापरपणजोबांचे काय?

वंश लिहून ठेवण्याचा शौक मुसलमानांना नवा नाही. अरबांत नसब सांगणे हे एक शास्त्रच होते. हदीस कोणाकडून कोणाकडे आली हे तपासताना हजारो माणसांची चरित्रे, गावे, मृत्यूची वर्षे गोळा झाली, त्यातून 'अस्मा-उर-रिजाल' उभे राहिले. सूफींनी गुरू-शिष्यांचे शजरे केले. हा दुसरा शजरा रक्ताचा नाही, आणि नगर जिल्ह्यात त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि शेख महंमद हे एकाच गुरूचे शिष्य, असे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे. या शजऱ्यात मुसलमान आणि ब्राह्मण गुरुबंधू म्हणून शेजारी शेजारी बसतात. नगरच्या शाहशरीफ दर्ग्याची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक आहे. मालोजी भोसल्यांनी आपल्या दोन मुलांची नावे त्यांच्यावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगतात. म्हणजे नाव बघून धर्म ठरवण्याची घाई वंशावळ धुंडाळणाऱ्याने करू नये.

पण शजरे असतात ते सय्यदांकडे, काझींकडे, सज्जादानशिनांकडे. पिंजाऱ्याकडे, तांबोळ्याकडे, बागवानाकडे, गावच्या मुलाण्याकडे शजरा कुठून येणार? आमच्यातल्या बहुसंख्यांचा इतिहास आजोबापाशी, फार तर पणजोबापाशी संपतो. हिंदू शेजाऱ्यांचे तसे नाही. ते त्र्यंबकेश्वरला जातात तेव्हा तीर्थोपाध्याय चोपडी काढून सात पिढ्या वाचून दाखवतो. भाट येतात. दक्षिणेकडे हेळवी येतात. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबांना १८३१पासून इथे असलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या नोंदींचा आधार आहे. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे रजिस्टर नाही आणि पंड्याची वहीही नाही. निकाहाच्या नोंदी काझींच्या घरी. सरकारने काझी नेमण्याची पद्धत १८६४च्या कायद्याने बंद केली, १८८०च्या काझी कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, पण नोंदवही जपण्याची शिस्त ज्या त्या घराच्या मर्जीवर राहिली. कबरी मातीच्या. त्यावर नाव कोरण्याची ऐपत नव्हती आणि बऱ्याच जणांना ते पसंतही नव्हते.

खानेसुमारीचाही आधार नाही. इंग्लंडात जुन्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते लोकांना पाहता येतात, तिथला सारा वंशशोधाचा व्यवहार त्यावर उभा आहे. आपल्याकडे १८७२पासून जनगणना झाली, पण घरोघरची पाने लोकांसाठी खुली नाहीत. १९४८च्या जनगणना कायद्यानेच ती बंद ठेवली आहेत. राहतात ते आकडे. आकड्यांत आजोबा सापडत नाहीत.

मग कुठे सापडतात? जमिनीत, हक्कात आणि भांडणात.

पेशवाईत वतनाचा वाद उभा राहिला की दोन्ही बाजूंना आपल्या घराण्याची हकिकत लिहून द्यावी लागे. तिला 'करीना' म्हणत. गोत बसे, 'महजर' होई, साक्षीदारांच्या 'तकरिरा' लिहून घेतल्या जात. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले. ते ओळखायला आपल्याला कोश लागत नाही, ही आपली मिळकत आहे. 'अमुक बिन तमुक पाटील' असे मराठा पाटलाचेही नाव लिहिले जाई. 'बिन' दिसला म्हणून तो आपला, असे समजू नये! गावच्या मुलाण्याचा बलुत्यात हक्क होता, म्हणून त्याच्याही हक्काची भांडणे झाली आणि त्याच्याही पिढ्या कागदावर आल्या. पुढे इंग्रजांनी १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. तेव्हा मशीद, दर्गा, काझीगिरी, मुजावरकी यांसाठी जमिनी खाणाऱ्यांना सनदा दाखवाव्या लागल्या आणि वारसांची मालिका सांगावी लागली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे नुकसान झाले, पण त्यांचे पूर्वज दफ्तरात राहिले. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही जुन्या मोडी कागदांचा मोठा साठा आहे.

अडचण लिपीची आणि तारखेची. मोडी वाचणारे थोडे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा एकाएकी गावोगाव मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. मोडीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५मध्ये रुरकीच्या आयआयटीने मोडी पानाचे देवनागरीत लिप्यंतर करणारे संगणकी साधन जाहीर केले. घसटलेल्या कागदावर असे साधन किती चालेल, हे ज्याने त्याने आपल्या कागदावर पाहावे. तारखेसाठी मात्र संगणकाची गरज नाही. मोडी कागदाच्या माथ्यावर 'इसन्ने सबैन मया व अलफ' असे काही दिसते. अरबीचे चार अंक येणारा मदरशातला मुलगाही ते सांगेल : दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२ येते. फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे. हिजरीला असा सरळ हिशेब चालत नाही, कारण तिचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे.

इंग्रजी अमलापासून पुढे कागद वाढत जातात. नगर जिल्ह्याचा गॅझेटियर १८८४चा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सतरावा खंड. तोही फुकट वाचता येतो. त्यात अत्तार, तांबोळी, पिंजारी, बागवान, मोमीन अशा जमातींची माहिती आहे. ती जरूर वाचावी, पण मीठ लावून. या मालिकेत जवळजवळ प्रत्येक कारागीर मुसलमान जमातीला औरंगजेबाने मुसलमान केल्याचे सांगितले जाते, इतक्या वेळा की ते कारकुनाने पानोपानी उतरवल्यासारखे वाटते. निजामशाही इथे १४९०पासून होती, सूफी त्याही आधीपासून होते, औरंगजेब तर शेवटी आला आणि १७०७मध्ये इथे भिंगारलाच वारला. मधल्या दोन-सव्वादोन शतकांत कोणी आपण होऊन कलमा पढलाच नाही की काय? उलट दुसरे टोकही आहे. आपल्यातही थोडे बरे दिवस आले की मागच्या वर्षीचा विणकर यंदा शेख होतो आणि पुढच्या वर्षी सय्यद. तबातबाचे शागीर्द घरोघरी आहेत. मूळ पुरुष मदिन्याहून किंवा बगदादहून आल्याचे शजरे सर्रास सापडतात. जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र भारतीय मुसलमानांचे बहुतांश नाते इथल्याच शेजाऱ्यांशी आढळले आहे. कुराणाने कबिले आणि कुळे एकमेकांच्या ओळखीसाठी सांगितली आणि मोठेपण परहेजगारीवर ठेवले. त्यात पाथरीच्या कुलकर्ण्याची लाज वाटण्यासारखे काही नाही.

आणि मलिक अंबर? दख्खनला जमिनीची मोजणी आणि महसुलाची घडी ज्याने दिली, त्याचा शजरा त्याच्या वर जातच नाही. इथिओपियात जन्मलेला 'चापू' नावाचा मुलगा, बाजारात विकला गेलेला. गुलामाच्या मागे वंशावळ कुठली? त्याच्यापासून खाली मात्र ती सुरू होते.

आता साधनांविषयी. कागद जमले की ते ठेवायचे कसे, हा प्रश्न येतो. तीन पिढ्या वहीत मावतात. सहाव्या पिढीला वही फाटते, त्यातही आपल्यात चुलत-मामे भावंडांची लग्ने, म्हणजे तीच माणसे दोन-दोन फांद्यांवर येतात. त्यासाठी 'ग्रॅम्प्स' नावाची संगणक-प्रणाली चांगली आहे. इंग्रज मुले आजोबांना लाडाने ग्रॅम्प्स म्हणतात. ती २००१पासून स्वयंसेवकांनी घडवली आहे. विंडोज, लिनक्स, मॅक सर्वांवर चालते, दाम लागत नाही. ती नुसती फुकट नाही, मुक्त आहे. तिची आतली घडण कोणीही पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. दर्ग्याचा लंगर फुकट असतो, सार्वजनिक विहीर मुक्त असते. तिच्यात देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते आणि हिजरी तारीख तशीच नोंदवता येते. सुहूर आणि फसलीचा हिशेब मात्र आपणच करायचा. एका माणसाची चार नावे ठेवता येतात. शाळेत 'शेख गुलाब', सातबाऱ्यावर 'गुलाब इमाम पिंजारी', मतदारयादीत तिसरेच. ही सोय आपल्याइतकी कोणालाच लागत नसेल. गावाच्या नावांनाही काळ लावता येतो. हे महत्त्वाचे. आपला जिल्हा २०२४मध्ये अहिल्यानगर झाला, म्हणून १९३०च्या नोंदीत अहिल्यानगर लिहिणे बरोबर नाही. इंग्रजी दफ्तरात शोधायचे तर अहमदनगरची जुनी 'नुग्गर'सारखी स्पेलिंगेही करून पाहावी लागतात. १८६९पर्यंत नाशिक जिल्हा वेगळा नव्हता, त्यामुळे सिन्नर-निफाडकडच्या माणसाचे त्याआधीचे कागद नगरच्या नावाखाली निघतात. आणि पाथर्डी-जामखेडकडच्या ज्यांची सोयरीक बीडकडे आहे, त्यांचे १९४८पर्यंतचे अर्धे घराणे निजामाच्या उर्दू दफ्तरात असते.

'फॅमिलीसर्च' हे फुकट संकेतस्थळ जगात सर्वांत मोठे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे त्यांनीच घेतली. आपल्या भागातल्या मुसलमानांचे त्यात फारसे काही नाही. ते चालवणारे मॉर्मन चर्च आहे आणि मृत पूर्वजांचाही त्यांच्या वतीने बाप्तिस्मा करता येतो अशी त्या पंथाची श्रद्धा आहे, म्हणून ही सारी खटपट. हे ठाऊक असावे, मग वापरायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. तिथला वंशवृक्ष सामाईक असतो, कोणीही दुरुस्ती करू शकतो. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल', उर्दू पुस्तकांसाठी 'रेख्ता', पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेलेल्या सैनिकांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी, ही सगळी घरबसल्या पाहता येतात. 'दखनी मुसलमान' म्हणून फौजेत भरती होत असे. कोणाच्या घरी पणजोबा 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' अशी आठवण असेल तर त्याने तिथे शोधावे.

पण आपल्यासाठी सर्वांत उपयोगी ठिकाण साधे आहे. महाभूलेखावर आजचा सातबारा दिसतो. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक फेरफार मागे मागे जात राहिले की वारसनोंदी सापडतात, आणि वारसनोंद म्हणजे तलाठ्याने लिहिलेला शजराच. जुन्या अभिलेखांची स्कॅन केलेली पानेही आता अनेक तालुक्यांची मिळतात. जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूचे. आणि शाळेचे जनरल रजिस्टर.

इथे शौक संपतो. महाराष्ट्र सरकारच्या १९९४च्या निर्णयाने मुसलमानांतल्या मागास जमातींना ओबीसी सवलतींचा रस्ता खुला झाला. प्रमाणपत्राची पडताळणी करायची तर शपथेवर वंशावळ द्यावी लागते आणि १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. समजा, पाथर्डी तालुक्यातल्या पिंजारी कुटुंबातली मुलगी डॉक्टरकीला निघाली. तिच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिले आहे 'मुसलमान'. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना तेवढेच दिसले. आता चुलत आजोबांचा, त्यांच्या भावांचा, कोणाचा तरी असा कागद हवा ज्यात 'पिंजारी' हा शब्द आहे. तो सापडला तरी हा चुलत आजोबा आपलाच, हे सिद्ध करायला पुन्हा वंशावळच लागते. ज्या घरात कोणी आधीच फांद्या मांडून ठेवल्या आहेत त्या घराला कोणाच्या दाखल्यासाठी कुठल्या शाळेत जायचे ते कळते. इतरांची मुले प्रवेशाच्या तारखेपर्यंत तालुक्याला खेटे घालतात.

दुसरी गोष्ट अधिक कडू. आसामात नागरिक नोंदणीसाठी लोकांना १९७१पूर्वीच्या यादीतला पूर्वज दाखवून त्याच्यापासून आपल्यापर्यंतचा वंशवृक्ष जुळवावा लागला. ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीबाहेर एकोणीस लाखांहून अधिक माणसे राहिली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. त्यानंतरच्या महिन्यांत मालेगावसारख्या शहरांत जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. गंमत अशी की १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आपल्याकडेही झाले होते, आणि २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधताना तपासायच्या कागदांच्या यादीत त्याचे नाव होते. एकच कागद एकाला आरक्षण मिळवून देतो आणि दुसऱ्याच्या मनात धडकी भरवतो. म्हणून माझे मत असे की जिवंत माणसांची नावे-जन्मतारखा कुठल्याही सामाईक संकेतस्थळावर टाकू नयेत. ग्रॅम्प्सची फाइल आपल्या संगणकावरच राहते, दुसऱ्याला देताना जिवंत माणसे वगळण्याची सोय तिच्यात आहे. ती वापरावी. दोन प्रती ठेवाव्यात, एक घरी, एक मामाच्या घरी.

शेवटी बायकांचे. सय्यदांच्या जुन्या शजऱ्यांत बाप, बेटा, नातू असे उतरत जाते. आया नाहीत, बहिणी नाहीत. पण प्रणाली आईचे नाव मागते, रकाना रिकामा दिसतो आणि डोळ्यांत खुपतो. ते नाव सांगणारी बहुधा एखादी बुजुर्ग फुफी किंवा खाला असते. तिच्यासमोर मोबाइल ठेवून आवाज नोंदवून घ्यावा, आधी तिचा, मग कागदांचा शोध. जुन्या मराठी कागदांत बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'जौजे' येऊन नवऱ्याचे नाव येते, बापाचे नाव हरवते. फक्त वारसनोंदीत ते परत सापडते. बाप वारला, दोन मुलगे, विधवा, तीन मुली अशी सहा नावे लागतात. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरवून दिला आहे, हे आपण सभांमधून अभिमानाने सांगतो. पुढचे पान उलटले की दहा-पंधरा वर्षांनी दुसरा फेरफार निघतो : मुलींनी राजीखुशीने हक्क सोडला, सबब नावे कमी केली. सोनईची असो की संगमनेरची, हिंदूची असो की मुसलमानाची, मजकूर तोच. कित्येक घरांत आजोबांच्या बहिणींची नावे फक्त या एका कागदावर उरली आहेत. हक्कसोड पत्राची नक्कल मिळाली तर खाली 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिलेले असते आणि त्याच्या बाजूला, कोणी तरी दुसऱ्याने, तिचे पूर्ण नाव.